वाटेत राहिलेला रंग

त्वचेच्या डॉक्टरला आमच्या भागात फारसं कुणी घाबरत नाही. हृदयाच्या डॉक्टरकडे माणूस देवाचं नाव घेत जातो, हाडाच्या डॉक्टरकडे कण्हत जातो, माझ्याकडे येतो तो खाजवत. नायटा, खरूज, टाचांच्या भेगा, लावणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यांत झालेल्या चिखल्या, हे माझं रोजचं काम. दवाखाना भोरला होता. आठवड्यातला एक दिवस मी वेल्ह्याला जायचे आणि एका मेडिकलच्या मागच्या खोलीत बसायचे. आधी भोरहून एसटीने नसरापूर, तिथे गाडी बदलून पुढे वेल्हे. पुढे स्वतःची गाडी आली, पण एसटीत जेवढे पेशंट फुकट तपासले तेवढे नंतर कधी तपासले नाहीत. शेजारी बसलेली बाई बांगड्या मागे सारून हात पुढे करायची आणि म्हणायची, "बाई, एवढं जरा बघा की."

पण माझ्या कामातला सगळ्यात अवघड भाग खाजेचा नव्हता, रंगाचा होता. अंगावर पांढरा डाग दिसला की लोकांच्या तोंडून एकच शब्द निघतो, कोड. कोड लागत नाही, त्याने कुणी मरत नाही, हे मी किती वेळा सांगितलं असेल. आणि प्रत्येक पांढरा डाग कोडाचा नसतो, हे त्याहून जास्त वेळा.

भोंगवलीचे एक शेतकरी आपल्या लग्नाच्या मुलीला घेऊन आले होते. तिच्या दोन्ही नडग्यांवर आणि पोटावर जन्मापासून पांढरे पट्टे होते. बघायला आलेली मंडळी परत फिरत होती. मी त्यांना म्हटलं, "दादा, कोडात रंगाच्या पेशी असतात आणि नंतर मरतात. हिच्या पायावर त्या पेशी कधी पोचल्याच नाहीत. डाग जन्मला तेवढाच राहणार."

"पोचल्या न्हाईत म्हंजी? निघाल्या कुटनं व्हत्या?" त्यांनी विचारलं.

प्रश्न अगदी बरोबर होता. मी त्यांना सांगितलं ते इथेही सांगते, कारण पुढची गोष्ट त्यावरच उभी आहे. आईच्या पोटात बाळ अगदी तांदळाच्या दाण्याएवढं असतं, तेव्हा त्याच्या पाठीच्या मधोमध, जिथे पुढे कणा होतो, तिथून काही पेशी प्रवासाला निघतात. दोन्ही बाजूंनी पाठीवरून खाली उतरत त्या अंगभर पसरतात. त्यांतल्या काही पुढे रंग बनवणाऱ्या पेशी होतात. कातडीला, केसांना, डोळ्यांच्या बाहुलीभोवतीच्या कड्याला रंग देतात. कपाळाचा मध्य, पोट, नडग्या ही त्यांची शेवटची मुक्कामाची ठिकाणं. लावणीच्या वेळी रोपं कमी पडली तर बांधाजवळची बाजू भरते आणि टोकाचा कोपरा रिकामा राहतो, तसंच हे. कपाळावर आणि पोटावर पांढरं असलेली जनावरं आपण गोठ्यात पाहतो, त्यांचंही कारण हेच.

आता या पेशींना निघा कोण सांगतं, वाटेत जिवंत कोण ठेवतं, पोचल्यावर रंग बनवायला कोण लावतं? जनुकं. त्यांतलं एक जनुक सगळ्या कामावर देखरेख करतं. शास्त्रात त्याचं इंग्रजी अक्षरांचं आडवंतिडवं नाव आहे, मी पेशंटशी बोलताना त्याला मुकादम म्हणायचे. प्रत्येकाकडे या मुकादमाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एक बिघडलेली निघाली तर काम थांबत नाही, पण कमी पडतं. काही पेशी वाटेतच मरतात. भोंगवलीच्या मुलीच्या बाबतीत दुसरं एखादं जनुक असेल, तेव्हा तपासायची सोय नव्हती. पण तिच्या वडिलांना समजलं तेवढं पुरलं. पुढच्या स्थळाला त्यांनी स्वतःच सगळं समजावून दिलं आणि लग्न ठरल्यावर पेढे घेऊन आले.

संपत माझ्याकडे आला तो वेल्ह्याच्या खोलीत. तिशीतला, अंगाने काटक, गावोगावचं दूध गोळा करणाऱ्या टेम्पोवर ड्रायव्हर. कपाळ सुजून लालभडक झालेलं, पापण्या फुगलेल्या, कानामागून पाणी सुटत होतं. केसांना लावायच्या काळ्या मेंदीची ही ॲलर्जी मी खोलीच्या दारातूनच ओळखली असती.

"काळी मेंदी बंद. कायमची," मी म्हटलं.

"म्याडम, ते सोडून काय बी सांगा. काळं केल्याबिगर मी भाईर पडत न्हाई."

"केव्हापासून लावता?"

"धाव्वीपासनं."

औषधं दिली आणि पुन्हा मेंदी लावलीत तर डोळे बंद होतील असं स्पष्ट सांगितलं. काही आठवड्यांनी तो आला तो डोक्याला घट्ट टोपी घालून. सूज गेली होती. मी टोपी काढायला सांगितली. त्याने आधी दाराकडे पाहिलं, मग काढली. कपाळाच्या बरोबर मध्यावरून निघालेली पांढरीशुभ्र बट होती, मुळापासून वाढलेली, आणि तिच्याखाली कपाळावरही बोटभर पांढरा पट्टा. अकाली पिकलेले केस असे दिसत नाहीत.

"हे जन्मापासून आहे का?"

"आई म्हनती लहानपनी टायफाईड झाल्ता, त्यानं झालं."

मी त्याला खिडकीकडे तोंड करून बसवलं. उजवा डोळा तपकिरी होता. डाव्या डोळ्याच्या तपकिरी कड्यात खालच्या बाजूला निळसर राखाडी रंगाची एक पाचर होती, फोड कापून काढावी तशी.

"तुमच्या घरात आणखी कुणाचे डोळे असे आहेत?"

तो टोपीकडे बघत म्हणाला, "पोरीचे हायेत. दोनी डोळे निळे. पार इंग्रजावानी."

बाप लेकीबद्दल सांगतो तसा तो आवाज नव्हता.

"गावात लोक काय काय बोलत्यात, म्याडम. दुधाच्या डेअरीवर माझ्या तोंडावर हसत्यात."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हननार? मी काय बी म्हनत न्हाई. पोरीला उचलून घ्याया मन व्हत न्हाई, एवढंच."

बाहेर बाकावर पेशंट खोळंबले होते, पण मी त्याला उठू दिलं नाही. भिंतीवरचा आरसा काढून त्याच्या हातात दिला आणि त्याचाच डावा डोळा त्याला दाखवला. रोज दाढी करताना त्याने तो पाहिला असणार, पण कधी नीट पाहिला नव्हता. मी म्हटलं, "पुढच्या वेळी बायकोला, मुलीला आणि आईला, तिघींना घेऊन या. मला सगळ्यांसमोर एक गोष्ट सांगायची आहे."

तो त्यांना आणील याची मला खात्री नव्हती. पण पुढच्या आठवड्यात चौघं आले. त्याची बायको मनीषा भोरजवळच्या उत्रोलीची, बारावी शिकलेली, बारीक चणीची. तिने मान वर केली नाही. कडेवरची मुलगी रांगायच्या वयाची. नाव परी. तिचे डोळे खरोखर इतके निळे होते की खोलीत आल्यावर सगळ्यांचं लक्ष तिकडेच जावं, आणि कपाळावर जावळात पांढरा झुबका. संपतची आई, हिराबाई, पदर कपाळापर्यंत ओढून दाराशी उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

मी संपतला टोपी काढायला लावली आणि बापलेकीची डोकी शेजारी शेजारी धरली. मुकादमाची गोष्ट सांगितली. मग म्हटलं, "मनीषाच्या माहेरच्या कुणाचा यात काही संबंध नाही. ही खूण संपतची आहे. त्याच्याकडे बट आणि अर्धा डोळा आला, हिच्याकडे बट आणि दोन डोळे. या मुलीचा बाप कोण असं कुणी विचारलं तर तुमचं कपाळ दाखवा."

मनीषाने पहिल्यांदा मान वर केली. नवऱ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "आयकलं का?"

संपतने मुलीला तिच्या कडेवरून घेतलं.

मला तिथेच थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण रंगाच्या या पेशींची आणखी एक नेमणूक असते, आणि ती बाहेरून दिसत नाही. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव असतो, ऐकणं तिथे घडतं. त्या शंखात पाणी असतं. ते पाणी योग्य क्षारांनी भारलेलं ठेवायचं काम याच पेशी करतात. त्यांचा तिथे रंगाशी काही संबंध नसतो. पण त्या पोचल्या नाहीत तर कान बाहेरून धडधाकट दिसतो आणि आत काही ऐकू येत नाही. पांढरी बट, निळे डोळे आणि बहिरेपण एकत्र येतात ते यामुळे.

परी बापाच्या खांद्यावरून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. मी तिच्या पाठीमागे गेले आणि स्टीलचा ट्रे फरशीवर टाकला. मनीषा दचकली. बाहेरच्या बाकावरचं कुणीतरी उठून आत डोकावलं. परी कॅलेंडरकडेच बघत राहिली.

हिराबाई मात्र परीकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. मग ती खाली बसली, फरशीवरच, आणि म्हणाली, "म्या बी वाजवून बघितलंय, बाई. ताट. लई येळा."

मनीषाने सासूला विचारलं, "आत्या, कधी?"

"तू पान्याला गेलीस की."

त्या दुपारी हिराबाईने जे सांगितलं ते तिने जुनं गाव सुटल्यापासून कुणालाच सांगितलं नव्हतं. तिच्या नवऱ्याला त्या गावात लोक चांद्या म्हणायचे, कपाळावरच्या पांढऱ्या बटेमुळे. त्याची बहीण ठकू, हिराबाईची नणंद. तिचे डोळे परीसारखे. ती मुकी म्हणूनच सगळ्यांना माहीत होती. गुरं राखायची, खुणांनी बोलायची, हिराबाईवर तिचा फार जीव होता. एक दिवस ती गुरं घेऊन रस्त्याने येत होती आणि मागून ट्रक आला.

"हॉर्न वाजवत व्हता म्हनं," हिराबाई म्हणाली. "वन्संना कुटलं ऐकू येतंय. मुकी म्हनायचो आमी. बहिरी हाय हे कुनाच्या डोस्क्यातच आलं न्हाई."

त्यानंतर संपत जन्मला. तो लहान असतानाच त्याचा बाप गेला. मग धरणात गाव गेलं, लोक पांगले. नव्या वस्तीत ठकूला पाहिलेलं कुणी उरलं नव्हतं. हिराबाईने ती गोष्ट तिथेच पाण्याखाली सोडली आणि मुलाला टायफाईडची गोष्ट सांगितली. नातीचे डोळे पाहिले तेव्हा तिला सगळं समजलं. डोळे कुठून आले हे ती एका वाक्यात सांगू शकली असती. पण ठकूचं नाव घेतलं की ठकू बोलत नव्हती हेही सांगावं लागलं असतं, आणि ते तिच्या तोंडून निघत नव्हतं.

"माझ्याबद्दल लोक बोलत हुते तवा तुमी गप बसला," मनीषा म्हणाली. आवाज चढवला नाही.

"बसले, बाय."

मी पुण्याच्या कानाच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली आणि म्हटलं, "ठकूच्या वेळी काही करता येण्यासारखं नव्हतं. आता आहे. पण वेळ फार नाही. मूल बोलायला शिकतं ते पहिल्या काही वर्षांत ऐकून. तेवढ्यात आवाज तिच्यापर्यंत पोचवायला हवा."

पुढचं काम माझं नव्हतं. ते कानाच्या डॉक्टरांनी, ऐकणं-बोलणं शिकवणाऱ्या एका तरुण बाईंनी आणि मुख्यतः मनीषाने केलं. तपासणीत दोन्ही कान पूर्ण बंद निघाले. आधी कानामागे लावायची यंत्रं देऊन पाहिली, फरक पडला नाही. मग परीने वर्ष ओलांडल्यावर सरकारी योजनेतून ऑपरेशन करून कानात आतलं यंत्र बसवलं. जनुकांची तपासणीही झाली. मुकादमाच्या जनुकातच चूक होती, बापाकडे आणि मुलीकडे एकच. तीच चूक असताना बापाला ऐकू येतं आणि लेकीला का नाही, असं संपतने मला विचारलं. याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि शास्त्राकडेही नाही. तेवढंच सांगितलं.

ऑपरेशननंतर लोकांना वाटतं की मूल लगेच बोलायला लागतं. तसं नसतं. यंत्र पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा परी घाबरून रडली आणि यंत्र ओढून काढायला लागली. त्यानंतर दर आठवड्याला पुण्याची खेप सुरू झाली. वेल्ह्याकडून ते जमेना, म्हणून मनीषा मुलीला घेऊन उत्रोलीला माहेरी राहिली आणि भोरहून एसटी धरायला लागली. तिची आणि माझी तेव्हा दोस्ती झाली. एसटीला वेळ असला की ती माझ्या दवाखान्यात येऊन बसायची. एकदा म्हणाली, "दिवसभर बडबड करा म्हनत्यात त्या बाई. चमचा दाखवून चमचा म्हनायचं, पानी दाखवून पानी. माझं तोंड दुखतं, बाई. आनि ही नुसती बघती." दमलेली होती. मी चहा मागवला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

मग एक दिवस हिराबाई वेल्ह्याकडचं घर संपतवर सोडून, कपड्यांची पिशवी घेऊन उत्रोलीला व्याह्यांच्या दारात येऊन उभी राहिली. सुनेच्या माहेरी जाऊन राहणं तिच्या पिढीच्या बाईला किती जड गेलं असेल हे आमच्या भागातल्या लोकांना सांगायला नको. ती मनीषाला म्हणाली, "तू दमलीस. आता मी बोलते." आणि ती बोलायला लागली. नातीला समोर बसवायची आणि भाकरी थापताना, लसूण सोलताना, खाचराच्या बांधावर बसून, दिसेल त्याचं नाव घ्यायची. मनीषाने तिला माफ केलं की नाही, मी विचारलं नाही. पण आता येताना दोघी एकत्र यायला लागल्या, आणि परीची पिशवी कधी हिच्या खांद्याला असायची, कधी तिच्या.

परीने पहिल्यांदा आवाजाकडे वळून पाहिलं तो प्रसंग संपतने मला फोनवर सांगितला. तो टेम्पो घेऊन उत्रोलीला आला होता. परी अंगणात पाठमोरी खेळत होती, हिराबाई उंबऱ्यावर. संपतने नेहमीच्या सवयीने हॉर्न वाजवला आणि परीने मान वळवली. तो खाली उतरला नाही. पुन्हा वाजवला, पुन्हा तिने पाहिलं. मग बराच वेळ वाजवत राहिला. शेजारचे काय झालं म्हणून धावत आले.

"आई काय म्हणाली?" मी विचारलं.

"काय न्हाई. रडत व्हती. मग म्हनली, वन्सं असत्या तर."

पुढे हिराबाईने मला हेच समोरासमोर विचारलं. "बाई, ठकूवन्संना बी ऐकू आलं असतं का वो?" मी खरं तेच सांगितलं की त्या काळी आपल्याकडे ही सोय नव्हती. ती म्हणाली, "मग बरं." बरं कशासाठी म्हणाली ते मला समजलं. तिला दुसरं उत्तर सहन झालं नसतं.

मला मात्र ठकूची आठवण अजून होते, तिला मी कधी पाहिलं नसलं तरी. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत या डोंगरांतल्या वाड्यांवर किती ठकू असतील, ज्यांना मुकी म्हणून गुरांमागे धाडलं गेलं. त्या माझ्याकडे आल्या नाहीत, कारण त्यांना खाज नव्हती. ही एक खंत सोडली तर माझ्या कामाबद्दल माझ्या मनात आज कृतज्ञताच आहे. एका माणसाला मेंदीची ॲलर्जी झाली आणि त्यातून एका लेकराचा कान वेळेवर सापडला. रंगाचं शास्त्र ज्यांनी मला शिकवलं त्यांची मी ऋणी आहे, आणि टोपी काढायला तयार झालेल्या संपतचीही.

संपतने नंतर मेंदी लावली नाही. डेअरीवर कुणी विचारलं की तो म्हणतो, "आमच्या घरान्याची हाय." लोक काही दिवस हसले, मग विसरले.

दुसऱ्या मुलाचा विचार सुरू झाला तेव्हा दोघं मला भेटायला आले. मी सांगितलं की प्रत्येक वेळी छापा की काटा असा सारखाच संभव आहे, आणि सविस्तर बोलायला पुण्याच्या जनुकतज्ज्ञांकडे पाठवलं. परत आल्यावर मनीषा म्हणाली, "तसंच झालं तरी आता रस्ता म्हाईत हाय." मुलगा झाला. कानांची तपासणी पहिल्याच महिन्यात करून घेतली. त्याला ऐकू येत होतं. केस काळे, डोळे काळे.

तो बसता झाल्यावर सगळी मंडळी मला भेटायला भोरला घरी आली. परी आता शाळेत जाते. तिच्या कानामागे यंत्र आहे आणि वेणीत पांढरी बट गुंफलेली आहे. थोडी नाकात बोलते, पण सतत बोलते. मोठी माणसं चहा घेत होती तेव्हा ती माझ्याजवळ आली, भावाकडे बोट दाखवलं आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "बाई, याचे सगळेच केस काळे आहेत."

"हो, दिसतंय."

"पांढरे एक पण नाहीत. मी बघितले." तिला त्याची खरोखर काळजी वाटत होती. "चालेल ना त्याला?"

मी बाळाचं डोकं हातात धरून, पेशंटचं पाहते तसं नीट पाहिलं आणि म्हटलं, "चालेल."

ती धावत आजीला सांगायला गेली.